कल्याणच्या पुढचे परवडणे

१ डिसेंबर २०२१ रोजी काडेपेटी एक रुपयावरून दोन रुपयांवर गेली. त्याआधीची वाढ २००७ सालची, पन्नास पैशांवरून एक रुपया. चौदा वर्षांनी झालेली ही दरवाढ अंबरनाथकरांना वेगळी लागली असेल, कारण काडेपेटी हे एकेकाळी याच गावाचे उत्पादन होते. 'विम्को'च्या कारखान्याने इथल्या कित्येक कुटुंबांना कायमची नोकरी दिली, मुलांची शिक्षणे आणि लग्नकार्ये त्या पगारावर झाली. पुढे कारखाना बंद पडला आणि विम्को नाका हे नाव मागे राहिले.

काडेपेटी दुप्पट झाली म्हणून कोणाचे घर बुडाले नाही. कारखान्यातला पगार गेला तेव्हा मात्र अनेक घरांची घडी मोडली. महागाईवर बोलताना आपण सगळे बोट भावाच्या पाटीवर ठेवतो. पण एखादी वस्तू परवडते की नाही, हे पाटीवरचा आकडा आणि खिशातली रक्कम मिळून ठरवतात. कल्याणच्या पुढे कर्जतच्या दिशेने उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांत हा प्रश्न जितका उघड दिसतो, तितका क्वचितच कुठे दिसेल. कारण ही तिन्ही शहरे वसलीच मुळी 'तिकडे परवडते' या एका आधारावर.

परवडते म्हणून वसलेली शहरे

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांना तिथल्या बराकींत जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी होऊन या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. कॅम्प १ ते कॅम्प ५ हे पत्ते मात्र आजही तसेच आहेत. सुरुवातीच्या सरकारी शिध्यावर फार दिवस निभणार नव्हते. घरात पापड लाटणे, गाडीत गोळ्या-बिस्किटे विकणे, मिळेल तो माल कमी नफ्यावर खपवणे, यातून या माणसांनी बाजारपेठ उभी केली. कपडा, फर्निचर, जीन्स स्वस्तात घ्यायचे तर उल्हासनगर, ही ओळख त्या गरजेतून जन्मली. म्हणजे हे शहर स्वतः टंचाईत वाढले आणि इतरांच्या टंचाईला उपयोगी पडत मोठे झाले.

अंबरनाथची ओळख अकराव्या शतकातल्या शिलाहारकालीन शिवमंदिराची. त्याच्या आधुनिक वाढीचा पाया मात्र कारखान्यांनी घातला. धरमसी मोरारजीचा रासायनिक कारखाना, विम्को, स्वातंत्र्यानंतरची ऑर्डनन्स फॅक्टरी आणि पुढे एमआयडीसी यांमुळे इथे कामगारवस्ती वाढली. बदलापूर त्यानंतर फुगले. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या लाखाच्या आत होती. २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजारांवर गेली. त्याच जनगणनेत अंबरनाथ अडीच लाखांच्या पुढे आणि उल्हासनगर पाच लाखांच्या पुढे होते. परळ-लालबागच्या चाळीतून, डोंबिवलीच्या भाड्याच्या खोलीतून, कोकण-घाटावरच्या गावांतून माणसे इथे आली, कारण कर्ज काढून का होईना, स्वतःचे घर इथेच घेता येत होते.

घर स्वस्त, बाकीचे महाग

बदलापूरचे घर स्वस्त पडते ते कागदावर. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर सुमारे ६८ किलोमीटरवर आहे. जलद लोकलनेही जवळपास दीड तास लागतो. रोज जाऊन-येऊन तीन तास आणि महिन्याचे २६ कामाचे दिवस धरले तर ७८ तास नुसत्या रेल्वेत जातात. आठ तासांच्या पाळीने मोजले तर हे जवळपास दहा दिवसांचे काम होते, आणि त्याचा एक पैसाही मिळत नाही. घराच्या हप्त्यात वाचलेले पैसे इथे वेळेच्या रूपात चुकवावे लागतात. बाईमाणूस नोकरीला असेल तर त्या वेळेचा भार दुप्पट, कारण पहाटेचा आणि रात्रीचा स्वयंपाक तिला चुकत नाही.

स्टेशनवर उतरल्यावर पुढचा खर्च सुरू होतो. या पट्ट्यात शहर बससेवा दुबळी राहिल्याने शेअर रिक्षा हाच घरापर्यंतचा आधार आहे. मुंबई महानगरात मीटरचे किमान रिक्षाभाडे ऑक्टोबर २०२२ मध्ये २१ वरून २३ रुपये आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये २६ रुपये झाले. अडीच वर्षांत पाच रुपये. रिक्षा मीटरने क्वचितच चालतात अशा या भागातही शेअरचे दर त्याच वाऱ्याने वर सरकतात. नवरा-बायको दोघे कामाला आणि मुलगा कॉलेजला जाणारा असेल, तर अनेक घरांत लोकलच्या पासापेक्षा रिक्षाचा महिन्याचा खर्च जास्त निघतो.

पाण्याचेही तसेच. बारवी धरण बदलापूरजवळ आहे, उल्हास नदी या तिन्ही शहरांच्या अंगाने वाहते. तरीही उल्हासनगर महापालिकेला स्वतःचा जलस्रोत नाही, ती एमआयडीसीच्या पाण्यावर अवलंबून आहे. अंबरनाथ-बदलापूरला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पाणी देते, आणि वाढत्या इमारतींना ते पुरत नाही. नळाला पाणी कमी आले की सोसायटी टँकर मागवते आणि तो खर्च मेंटेनन्समध्ये येऊन बसतो. घर घेताना हा आकडा कोणी सांगत नाही.

स्वस्त घराची सगळ्यात भयंकर किंमत उल्हासनगरने मोजली. नियम डावलून, हलक्या दर्जाचे साहित्य वापरून इथे शेकडो इमारती उभ्या राहिल्या. न्यायालयाने पाडण्याचे आदेश दिल्यावर २००६ साली खास उल्हासनगरपुरता कायदा करून अनधिकृत बांधकामे नियमित करण्याचा मार्ग काढला गेला. पण कागद नियमित झाल्याने स्लॅब मजबूत होत नाही. मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या अंतराने दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. २८ मेच्या दुर्घटनेत सात माणसे गेली. धोकादायक ठरलेल्या इमारतीत लोक का राहतात, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर सरळ आहे. बाहेर भाड्याने राहायचे तर डिपॉझिट लागते, महिन्याचे भाडे लागते, आणि जुन्या घराचे पुढे काय होणार याची हमी कोणी देत नाही.

बाजारातला भाव कसा हलतो

आता स्वयंपाकघराकडे वळू. गेल्या दहा-बारा वर्षांत तीन-चार वस्तूंनी पाळीपाळीने घरखर्च विस्कटला. २०१५ मध्ये तूरडाळ दोनशे रुपये किलोच्या घरात गेली. २०१९ च्या अखेरीस कांद्याने शंभरी गाठली. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धाने सूर्यफूल तेल अडले आणि एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली. आपण खाद्यतेलाचा निम्म्याहून जास्त भाग बाहेरून आणत असल्याने त्याचा चटका थेट कढईपर्यंत आला. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभराच्या पुढे गेला.

प्रत्येक वस्तूचे कारण निराळे असते. डाळीचे गणित पावसावर आणि आयातीच्या वेळेवर, तेलाचे जागतिक बाजारावर आणि आयातशुल्कावर, टोमॅटोचे त्याच्या नाशवंतपणावर. या सगळ्यांत समान असते ती सरकारची उशिरा आणि घाईत होणारी धावपळ. कांदा महागला की निर्यात रोखली जाते; ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातबंदी लागू झाली तेव्हा नाशिकच्या शेतकऱ्याचे नुकसान झाले. जुलैत शंभरी पार केलेला टोमॅटो त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शेतकऱ्यांना रस्त्यावर ओतावा लागला. म्हणून शहरातल्या ग्राहकाने शेतकऱ्याला दोष देऊ नये. त्याच्या हातात आणि आपल्या पिशवीत जो भाव असतो, त्यांच्यामधली हमाली, वाहतूक, नासाडी, दलाली आणि किरकोळ विक्रेत्याचा नफा यांत खरा फरक पडतो. त्यातही बदलापूरच्या टोकाला राहणारा माणूस संध्याकाळी आठ-नऊला स्टेशनबाहेर भाजी घेतो. चार ठिकाणी भाव विचारायला त्याच्याकडे वेळ नसतो, त्यामुळे तो चढा दर देतो.

गॅसची कथा सरळ आकड्यांची आहे. मार्च २०२३ मध्ये मुंबईत घरगुती सिलिंडर १,१०२ रुपये ५० पैशांवर पोचला. ऑगस्टअखेर २०० रुपयांनी, मार्च २०२४ मध्ये आणखी १०० रुपयांनी उतरला, आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा ५० रुपयांनी चढून ८५२ रुपये ५० पैसे झाला. पूर्वी सर्वांना बँकेत मिळणारे अनुदान २०२० च्या मध्यापासून सामान्य ग्राहकांसाठी जवळपास संपले होते. करांचेही तसेच झाले. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद पीठ, तांदूळ, दही यांवर ५ टक्के जीएसटी आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून अनेक रोजच्या वस्तूंवरचे दर खाली आले. किंमत कमी झाली की ती ग्राहकापर्यंत येते की मधेच अडकते, हे पाहणारी यंत्रणा मात्र आपल्या नाक्यावरच्या किराणा दुकानापर्यंत पोचत नाही.

काही वेळा भाव तसाच राहतो आणि वस्तू लहान होते. पाच रुपयांचा बिस्किटपुडा पाच रुपयांनाच मिळतो, आत ग्रॅम कमी झालेले असतात. रोजंदारीवरच्या घराला तेलाचा पाच लिटरचा डबा एकदम घेता येत नाही, ते पाव लिटरचे पाऊच घेते. शॅम्पू, चहापत्ती, साबण पावडर सगळे पुडीतून येते. पुडीतला माल दर ग्रॅममागे बहुधा महाग पडतो. म्हणजे ज्याच्याकडे कमी पैसे, त्याला तीच वस्तू जास्त दराने. बहुतेक पाकिटांवर २०२२ नंतर प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर छापण्याचे बंधन आले आहे. तो बारीक अक्षरांतला आकडा वाचायची सवय प्रत्येक घराने लावून घ्यावी.

मजुरी कुठे अडली

१८५७ मध्ये जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी दाखवून दिले की घर जितके गरीब, तितका खर्चातला जास्त वाटा अन्नावर जातो. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरी भारताचा अन्नावरचा वाटा सरासरी ४० टक्क्यांच्या आसपास निघाला. सरासरी ४० म्हणजे खालच्या थरातल्या घरांत तो याहून जास्त. अन्न, भाडे किंवा हप्ता आणि प्रवास एवढे वजा केले की औषध आणि शिक्षणाला उरते काय?

भाव चढताना उत्पन्नही चढले असते तर प्रश्न एवढा तीव्र झाला नसता. या पट्ट्यात मात्र कायम नोकऱ्या गेल्या आणि त्यांच्या जागी कंत्राटी किंवा नगावरची कामे आली. उल्हासनगरच्या कॅम्प ५ मधला जीन्सचा धंदा हे त्याचे मोठे उदाहरण. कटिंग, शिलाई, काजबटण, धागे तोडणे अशी साखळी होती आणि त्यात हजारो हात गुंतले होते. वालधुनी आणि उल्हास नद्यांच्या प्रदूषणाच्या खटल्यानंतर २०१७ च्या सुमारास जीन्स धुलाईचे कारखाने बंद झाले. नद्या वाचवायलाच हव्या होत्या. त्या पाण्यावर लाखो लोक जगतात. पण सांडपाण्यावर सामायिक प्रक्रिया केंद्र वेळेत उभे राहिले असते तर नदी आणि रोजगार दोन्ही राखता आले असते. ते न केल्याचा भार नगावर काम करणाऱ्या कारागिरावर पडला.

किमान वेतनाचा कायदा १९४८ साली आला आणि महाराष्ट्रात दर सहा महिन्यांनी महागाईशी जोडलेला विशेष भत्ता जाहीर होतो. पण घरी बसून धागे तोडणाऱ्या बाईची नोंद कोणत्याच हजेरीपटावर नसते. तिच्यापर्यंत हा भत्ता पोचत नाही. तेलाचा भाव मात्र तिला पूर्ण द्यावा लागतो.

उत्पन्न आणि खर्च यांच्यातली दरी मग उधारीने भरली जाते. वाण्याची वही, भिशी, बचत गट, आणि आता मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२२ पासूनच्या नियमानुसार कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांहून जास्त असू नयेत. हा नियम कर्ज घेणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असायला हवा. धंद्यासाठी कर्ज काढणे वेगळे आणि किराणा भरण्यासाठी काढणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात पुढच्या महिन्याची चूल आजच गहाण पडते.

सरकारी दिलासा किती पुरतो

महागाईवर शासनाने काही केलेच नाही असे म्हणणे चूक ठरेल. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली, २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी, २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेलाचा आनंदाचा शिधा. १ जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षा कायद्याखालचे माणशी पाच किलो धान्य मोफत झाले. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये आणि अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर आले. हे पैसे बाईच्या खात्यात येतात, तिच्या हातात काही निर्णय येतो, याचे मोल मोठे आहे.

तरीही दोन गोष्टी खटकतात. पहिली, पात्रतेची रेषा. अन्नसुरक्षा लागू करताना महाराष्ट्राने शहरी प्राधान्य कुटुंबासाठी ५९,००० रुपये वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठरवली आणि ती दशकभर तीच राहिली. चार माणसांच्या घरात हे माणशी महिना साधारण १,२३० रुपये होतात. २०२३-२४ च्या पाहणीत शहरी भारताचा माणशी मासिक खर्च सरासरी ६,९९६ रुपये निघाला. किमान वेतनावर काम करणारा कामगारसुद्धा या मर्यादेत बसत नाही. खरे उत्पन्न लिहिले तर धान्य जाते, धान्य हवे तर खोटा दाखला लागतो, अशा पेचात प्रामाणिक माणसाला ठेवणारा नियम बदललाच पाहिजे. दुसरी गोष्ट, योजना सण आणि निवडणुका पाहून येतात आणि तिजोरी पाहून आटतात. झुणका-भाकर केंद्रे काही वर्षांत बंद पडली. घराचे अंदाजपत्रक अशा येण्याजाण्यावर आखता येत नाही.

याउलट सार्वजनिक सेवा टिकून मदत करते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात तिन्ही शहरांतले आणि आसपासच्या गावांतले रुग्ण येतात. तिथे डॉक्टर, औषधे आणि खाटा पुरेशा ठेवल्या तर एका आजारपणात कर्जात जाणारी घरे वाचतील. नगरपालिकेची शाळा चांगली चालली तर खासगी शाळेची फी आणि क्लासचा खर्च टळतो.

जिथे लोक बोलले, तिथे भाव थांबला

लोकल हा या पट्ट्यातला सगळ्यात मोठा धडा आहे. जून २०१४ मध्ये मासिक पास १५ ऐवजी ३० फेऱ्यांच्या हिशोबाने आकारण्याचा निर्णय झाला होता. तो टिकला असता तर बदलापूरच्या घराचे सगळे गणित कोसळले असते. मुंबईत ओरड झाली, लोकप्रतिनिधींनी दिल्ली गाठली आणि काही दिवसांत तो मागे घेतला गेला. जुलै २०२५ च्या रेल्वे भाडेवाढीतही उपनगरी प्रवास आणि पास वगळले गेले.

१९ ऑगस्ट २०२२ पासून मध्य रेल्वेने दहा साध्या फेऱ्यांच्या जागी एसी लोकल सोडल्या. संध्याकाळची बदलापूर गाडी एसी झाल्यावर साध्या पासवाल्या प्रवाशांची गाडीच गेली. बदलापूर आणि कळवा स्थानकांत प्रवासी उतरले, जाब विचारला, आणि २५ ऑगस्टपासून त्या दहा फेऱ्या मागे घेण्यात आल्या. एसीला कोणाचा विरोध नव्हता. साधी गाडी काढून एसी आणली म्हणून राग होता. परवडणारा पर्याय शिल्लक ठेवून महाग पर्याय वाढवा, एवढीच साधी मागणी त्यामागे होती, आणि ती प्रत्येक सेवेला लागू पडते.

याला जुनी परंपरा आहे. १९७२ च्या दुष्काळी वर्षात मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एकत्र आल्या. लाटणी आणि थाळ्या घेऊन हजारो गृहिणी रस्त्यावर उतरल्या. रेशनवर धान्य नाही, तेल गायब आहे, हा घरातला प्रश्न त्यांनी राज्याचा प्रश्न केला. आज तेवढे एकत्र येणे दिसत नाही. प्रत्येक जण आपापल्या घरात काटकसर करतो, दूध अर्धा लिटर कमी करतो, गोळ्या एक दिवसाआड घेतो, आणि गप्प बसतो.

काय व्हायला हवे

एकेका वस्तूच्या भावामागे धावण्यापेक्षा, महिन्याच्या महिन्याला न चुकणारा खर्च आधी उतरवला पाहिजे. त्यासाठी पुढील गोष्टी तातडीच्या आहेत. अन्नसुरक्षेची उत्पन्नमर्यादा वाढवून ती महागाईशी जोडावी. कल्याणपुढे कर्जतकडे आजही मुख्यतः दोनच मार्गिका असून लोकल, मेल आणि मालगाड्या त्यांवरूनच धावतात. २०१९ मध्ये मंजूर झालेली कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका लवकर पूर्ण करून साध्या लोकल वाढवाव्यात. तिन्ही शहरांनी मिळून एक बससेवा चालवावी. तिन्ही शहरांच्या पाण्याचा एकत्रित आराखडा व्हावा. धोकादायक इमारतीतल्या रहिवाशाला पुनर्विकासात हक्काच्या घराची लेखी हमी आणि मधल्या काळाचे भाडे मिळावे. नगावर काम करणाऱ्यांची नोंदणी व्हावी.

यातली एकही मागणी चैनीची नाही. वाचकहो, आपल्या नगरसेवकाला, आमदाराला, खासदाराला यांतला एकेक प्रश्न लेखी विचारा. सोसायटीच्या बैठकीत, प्रवासी संघटनेत, बचत गटात तो मांडा आणि उत्तर मिळेपर्यंत सोडू नका. पासाची दरवाढ आणि एसी लोकल या दोन्ही वेळी लोक एकत्र बोलले तेव्हा निर्णय बदलला. रेशन, पाणी आणि दवाखान्यासाठीही तेच करावे लागेल.